पेशीपटल चाळणी नव्हे: बडोद्यातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

६ जुलै

दांडिया बाजारातल्या आमच्या गणेश मंडळाने यंदा आराशीच्या बाजूला एक टेबल विज्ञानासाठी राखून ठेवलं आहे. काम माझ्याकडे आलं, कारण मंडळात जीवशास्त्र शिकवणारी मी एकटीच. मदतीला भाची (अकरावी, ग्रुप बी) आणि शेजारचा नववीतला मुलगा. विषय तिघांनी मिळून ठरवला: पेशी आत काय येऊ देते, बाहेर काय जाऊ देते, आणि हे ठरतं कसं.

भाचीने पोस्टरचं पहिलं चित्र काढून आणलं. मधे जाळी, बारीक ठिपके जाळीतून पार झालेले, मोठे ठिपके अलीकडे अडकलेले. खाली ओळ: पेशीपटल (म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण) चाळणीसारखं काम करतं. शाळेत हेच सांगतात आणि पेपरात त्याला मार्कही मिळतात. तरी माझं मत ठाम आहे की हे चित्र काढून टाकायचं. चाळणीला फक्त आकार कळतो. पेशीपटलावर आकारापेक्षा इतर गोष्टी जास्त ठरवतात: विद्युतभार आहे का, पदार्थ तेलात विरघळतो का, त्याच्यासाठी खास प्रथिन बसवलेलं आहे का. शिवाय चाळणी खुंटीला टांगून ठेवली तरी चाळणीच राहते. पेशीला मात्र आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवायला जिवंत असेपर्यंत राबावं लागतं.

"मावशी, नुसतं सांगून कोण ऐकणार? दाखवायला हवं," भाची म्हणाली. पटलं. मग कसोटी अशी ठरली की टेबलावर तीच गोष्ट ठेवायची, जी चाळणीचं चित्र डोक्यात घेऊन आलेल्या माणसाला अडवेल.

९ जुलै

सामान जमवलं. मुख्य वस्तू म्हणजे ऱ्होइओचं झाड: वरून हिरवी, खालून गर्द जांभळी, तलवारीसारखी पानं. बागांच्या कडेला सर्रास लावतात, रोपवाटिकेत हवं तेवढं मिळतं. ह्याच झाडाची पानं घेऊन डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस यांनी १८८० च्या दशकात द्रावणांची ताकद मोजली होती. पानाच्या खालच्या त्वचेतल्या पेशींच्या रिक्तिकेत (पेशीतल्या रसाच्या पिशवीत) जांभळा रंग असतो, म्हणून पेशीत पाणी कमी-जास्त झालेलं वेगळा रंग न घालता दिसतं.

मायक्रोस्कोप कॉलेजातून उसना. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानातून, ग्लिसरीन औषधाच्या दुकानातून. साखर आणि मीठ घरचंच. वजनाची अडचण होती, कारण स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमच्या खाली बोलत नाही. ओळखीच्या सोनाराने काटा वापरू दिला, आणि हे कशासाठी हेही शांतपणे ऐकून घेतलं.

तिन्ही द्रावणांची ओढ, म्हणजे पाणी आपल्याकडे खेचण्याची ताकद, सारखी हवी, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. १०० मिलिलिटरला साखर १३.७ ग्रॅम, ग्लिसरीन ३.७ ग्रॅम, मीठ १.१७ ग्रॅम. साखर आणि ग्लिसरीन ०.४ मोलर (मोलर हे लिटरमध्ये किती रेणू आहेत ह्याचं माप), मीठ मात्र ०.२. नववीतल्या मुलाने लगेच विचारलं की मिठाला निम्मं का. मीठ पाण्यात पडलं की सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन (विद्युतभार असलेले कण) सुटे होतात, आणि परासरणात, म्हणजे पटलातून पाणी घट्ट द्रावणाकडे जातं त्यात, मोजले जातात ते कण. एकाचे दोन झाले, म्हणून निम्म्यात भागतं. द व्ह्रीस यांना पानाच्या पेशींवर नेमकं हेच दिसलं होतं: साखरेच्या हिशेबाने बघितलं तर मीठ जास्त ओढतं. क्षार पाण्यात फुटतात हा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अर्‍हेनियसचा विचार १८८७ मध्ये पुढे आला, तेव्हा ही मोजमापं त्याच्या बाजूने उभी राहिली. रसायनशास्त्रातल्या एवढ्या मोठ्या गोष्टीला पानाच्या सालीने साक्ष दिली, हे मुलांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१३ जुलै, रविवार

आज साखर. जे दिसलं ते सविस्तर लिहून ठेवते, पोस्टरला लागेल.

पान खालच्या बाजूने वर घेऊन तिरकं फाडलं की कडेला जांभळी पारदर्शक साल सुटते. चिमट्याने तेवढीच उचलली, पाण्याच्या थेंबात पसरली, वर कव्हरस्लिप. आधी नुसत्या पाण्यात बघितलं. सहा बाजूंच्या पेशी एकमेकींना चिकटून, प्रत्येक काठोकाठ जांभळी. मधे मधे पर्णरंध्रं, त्यांच्या रक्षक पेशी हिरव्या.

मग कव्हरस्लिपच्या एका बाजूला साखरेच्या द्रावणाचा थेंब ठेवला आणि दुसऱ्या बाजूने टिपकागद लावून पाणी ओढून घेतलं. थोडा वेळ काहीच नाही. मग रंग आधी कोपऱ्यांतून सुटायला लागला. सहा कोपरे गोल झाले, मग एक बाजू भिंतीपासून अलग झाली, आणि बघता बघता प्रत्येक पेशीच्या चौकटीत एक जांभळी गोळी उरली. चौकट जशीच्या तशी. गोळीचा रंग आधीपेक्षा गडद, कारण पाणी बाहेर गेलं आणि रंग आतच राहिला. ह्यालाच रससंकोच म्हणतात.

भाचीने विचारलेला प्रश्न आजच्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा: "गोळी आणि भिंत ह्यांच्या मधल्या जागेत काय आहे?" तिला वाटलं होतं पोकळी असेल, किंवा हवा. तिथे साखरेचं द्रावण आहे. पेशीभित्तिका सेल्युलोजची, तिच्या छिद्रांतून पाणी आणि साखर दोन्ही आरामात जातात. अडवणारी गोष्ट भिंतीच्या आत आहे, गोळीच्या काठाशी, आणि ती मायक्रोस्कोपमधून दिसतच नाही. ह्या पेशीपटलाची जाडी ७ ते ८ नॅनोमीटर. अशी सव्वा लाखाहून जास्त पटलं एकावर एक ठेवली तर १ मिलिमीटर होईल. आपल्याला दिसतो तो फक्त त्याच्या आतला रंग.

चाळणी म्हणायचंच तर भित्तिकेला म्हणा. पोस्टरवर हे लिहायचं.

त्यानंतर वेगवेगळ्या ताकदीची साखर वापरून बघितली. ०.१५ मोलरला बहुतेक पेशी भरलेल्या, ०.२५ ला बहुतेक आक्रसलेल्या, ०.२ च्या आसपास निम्म्या-निम्म्या. म्हणजे पेशीतल्या रसाची ओढ साधारण तेवढी. दाबाच्या भाषेत ती सुमारे ५ वातावरणांइतकी होते. साध्या पानात एवढा दाब असतो, हे ऐकून नववीतला मुलगा पान बोटांनी दाबून बघत बसला.

२० जुलै, रविवार

आज ह्या प्रकल्पाचा कणा सापडला.

तीन स्लाइड शेजारी शेजारी: साखर, मीठ, ग्लिसरीन. कव्हरस्लिपच्या चारी कडांना व्हॅसलिन लावलं, नाहीतर पाणी उडून द्रावण घट्ट होतं आणि निकाल बिघडतो. सुरुवातीला तिन्हीकडे सारखंच चित्र, पेशी आक्रसल्या. मग आम्ही जेवून घेतलं, पाऊस लागला होता तो थांबला, आणि मधून मधून बघत राहिलो.

साखरेतल्या पेशी होत्या तशाच आक्रसलेल्या. मिठातल्याही तशाच. ग्लिसरीनमधल्या मात्र हळूहळू परत भरायला लागल्या. गोळी फुगली, भिंतीला टेकली, कोपऱ्यांत शिरली. संध्याकाळपर्यंत बऱ्याच पेशी पुन्हा काठोकाठ जांभळ्या.

ह्याचा अर्थ असा की ग्लिसरीन सावकाश पटलातून आत गेलं. आत-बाहेरची ओढ सारखी व्हायला लागली, तसं पाणी त्याच्यामागून परत आलं. साखर आत जाऊ शकली नाही, हे चाळणीलाही मान्य होईल, कारण साखरेचा रेणू ४५ अणूंचा. पण मिठाचं काय? ग्लिसरीनचा रेणू १४ अणूंचा. सोडियम आयन म्हणजे एकटा अणू. चौदा अणूंचा आत गेला आणि एकटा बाहेर राहिला. आकाराने काम चाललं असतं तर मिठातल्या पेशी सगळ्यात आधी भरल्या असत्या.

भाचीने स्वतःहून वही उघडून चाळणीचं चित्र खोडलं.

कारण मुलांना असं सांगितलं. पटलाचा मुख्य भाग स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचा. रेणूंची डोकी पाण्याकडे, शेपट्या आतल्या बाजूला एकमेकींकडे. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला स्निग्ध भाग काढून पाण्यावर पसरला, तर त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट जागा व्यापली. दोन थरांची कल्पना तिथून आली. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ओव्हर्टन यांनी शेकडो पदार्थ पेशींवर वापरून बघितले आणि नियम मांडला की जे तेलात जास्त विरघळतं ते पेशीत लवकर शिरतं. सोडियमवर भार असतो. पाण्याचे रेणू त्याला घट्ट धरून असतात. ते पाणी सोडून तेलकट थरात शिरणं त्याला फारच महाग पडतं. ग्लिसरीनलाही तेल आवडत नाही, पण त्याच्यावर भार नाही, म्हणून रेंगाळत का होईना ते पार होतं.

२३ जुलै

छोटं काम. एक साल उकळत्या पाण्यात बुडवून काढली. भिंती शाबूत, रंग सगळा बाहेर. ह्या पेशी साखरेत घातल्या तरी काही होत नाही, कारण अडवणारं पटलच उरलेलं नाही. ही चौथी स्लाइड.

२७ जुलै, रविवार

आज वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतात. बोलता बोलता त्यांनी जे सांगितलं त्याने प्रकल्पाचा दुसरा अर्धा भाग उभा राहिला.

रक्त काढताना सुई नीट लागली नाही किंवा नळी जोरात हलवली, तर तांबड्या पेशी फुटतात. वहिनींच्या भाषेत सॅम्पल हिमोलाइज होतं. सीरम गुलाबी दिसतं, आणि अशा सॅम्पलमध्ये पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं. पेशंटला काहीही झालेलं नसतं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम लिटरला ३.५ ते ५ मिलिमोल असावं लागतं, सोडियम १३५ ते १४५. हे आकडे पेशीबाहेरचे. पेशीच्या आत बरोबर उलट: पोटॅशियम १४० च्या आसपास, सोडियम १०-१२. म्हणून थोड्या जरी पेशी फुटल्या तरी आतलं पोटॅशियम बाहेर सांडून आकडा चढतो.

"आणि ब्लड बँकेतल्या पिशवीत तर पेशी न फुटताही चढतो," वहिनी म्हणाल्या. रक्ताची पिशवी २ ते ६ अंशांत ठेवतात. थंडीत पेशींचा पंप मंदावतो, पोटॅशियम झिरपत बाहेर येतं. तेच रक्त पेशंटला दिलं, अंगाची ऊब मिळाली, की पंप पुन्हा सुरू होतो आणि पोटॅशियम परत आत जातं. त्यांच्या ह्या एका वाक्यात मला हवं होतं ते सगळं आलं. पटल जागेवर आहे, तरी फरक टिकत नाही. फरक टिकवायला राबणारं कुणी लागतं.

राबणारा म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करून १९५७ मध्ये हे विकर (एन्झाइम) दाखवलं. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पंपाच्या एका फेरीत ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, खर्च एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, १ रेणू. माणूस नुसता पडून असला तरी त्याच्या शरीराच्या ऊर्जेतला पाचवा ते चौथा हिस्सा ह्याच कामावर जातो असा अंदाज आहे. मुलांना हे पचायला वेळ लागला. मलाही कॉलेजात असताना लागला होता. आपण जेवतो त्यातला एवढा भाग दोन क्षारांना आपापल्या जागी ठेवण्यात जातो.

पंप बंद पडला तर काय, ह्याचं उदाहरण आपल्याकडे रस्त्याच्या कडेला आहे. कण्हेर आणि पिवळी बिट्टी, दोन्ही विषारी. त्यांच्यातली हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं नेमकी ह्याच पंपाला धरून बसतात. पोस्टरवर बिट्टीचं चित्र असेल, फूल किंवा फळ टेबलावर ठेवायचं नाही. लहान मुलं येणार आहेत.

३ ऑगस्ट, रविवार

नववीतल्या मुलाचा प्रश्न: "आयनांना तेलातून जाता येत नाही, आणि पंप तर सावकाश चालतो. मग मेंदूचे संदेश इतक्या वेगाने कसे जातात?"

उत्तर प्रथिनांच्या मार्गिकांत आहे, म्हणजे पटलात बसवलेल्या आयनांच्या वाटांत. पोटॅशियमच्या मार्गिकेतून सेकंदाला १० कोटींच्या घरात आयन जाऊ शकतात. आणि चाळणीची कल्पना इथे पुरतीच कोसळते, कारण सोडियम आयन पोटॅशियमपेक्षा लहान आहे (त्रिज्या सुमारे ०.०९५ नॅनोमीटर, पोटॅशियमची ०.१३३), तरी ह्या मार्गिकेतून पोटॅशियम जातो आणि सोडियम जवळपास नाहीच, हजारात किंवा दहा हजारात एखादा. मोठा जातो, लहान अडतो.

हे कसं होतं ते रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या मार्गिकेची रचना उलगडून दाखवलं. मार्गिकेच्या सगळ्यात अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले आहेत, की पोटॅशियमने अंगावरचं पाणी सोडलं तर त्याला तिथे तितकाच आधार मिळतो. पाणी सोडण्याची किंमत भरून निघते आणि तो पुढे सरकतो. सोडियम लहान, त्याला चारी बाजूंचे ऑक्सिजन एकदम पोचत नाहीत. त्याच्यासाठी पाण्यातच राहणं फायद्याचं, म्हणून तो आत शिरत नाही. मी आजवर शिकवलेल्या गोष्टींत ही मला सगळ्यात सुंदर वाटते.

थर्माकोलचं मॉडेल करायचं चाललं होतं. मी नको म्हटलं. थर्माकोलमध्ये पुन्हा भोकं आणि गोळेच दिसतील. त्याऐवजी दोन मोठी चित्रं, एकात पोटॅशियम, एकात सोडियम, ऑक्सिजनपर्यंतची अंतरं रेषांनी दाखवलेली.

पाण्याच्या मार्गिकेबद्दल बेडकाच्या अंड्याचा प्रयोग पोस्टरवर घ्यायचा हे तिघांनाही एकदम मान्य. बेडकाची अंडी गोड्या पाण्यातही तासन्‌तास सुखरूप राहतात. पाणी आत फार हळू शिरतं. पीटर ॲग्रे आणि सहकाऱ्यांनी तांबड्या पेशींतल्या एका प्रथिनाचा आरएनए (ते प्रथिन बनवण्याचा निरोप) तशा अंडपेशींत टोचला. अंडपेशींनी ते प्रथिन बनवलं, आणि पातळ द्रावणात ठेवताच त्या फुगून फुटल्या. हा निष्कर्ष १९९२ मध्ये छापून आला. असं एक प्रथिन सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू एका रांगेत सोडतं, तरी प्रोटॉनला (हायड्रोजनच्या आयनाला) जाऊ देत नाही. ॲग्रे आणि मॅकिनन यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

१० ऑगस्ट, रविवार

टेबलाच्या शेवटी ओआरएसचं पाकीट ठेवायचं. लोकांना घरात लागणारी गोष्ट आहे, आणि तिच्यामागे पेशीपटलाचंच शास्त्र आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशींतला एक हुकूम अडकवून ठेवतं. क्लोराइडच्या मार्गिका उघड्या राहतात, क्लोराइडमागून सोडियम आणि पाणी आतड्यात ओतलं जातं. अशा वेळी नुसतं पाणी पाजून भागत नाही. पण त्याच पेशींवर आणखी एक वाहक प्रथिन असतं. ते २ सोडियम आणि १ ग्लुकोज मिळाल्याशिवाय हलत नाही, आणि कॉलऱ्यातही शाबूत राहतं. म्हणून मीठ आणि साखर दोन्ही हवं. साखर फक्त ताकदीसाठी घालतात हा समज आहे. खरं काम ती सोडियमला आत नेण्याचं करते, आणि पाणी त्यामागून येतं. सोडियम-ग्लुकोजची ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांतून द्यायला सुरुवात केली. नातेवाईकच पेशंटना ते पाजत. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांचं नाव टेबलावर मोठ्या अक्षरांत लागलंच पाहिजे.

पाकिटावरचं प्रमाण १ लिटरला: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. हिशेब केला तर सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल. भाचीने आकडे सोडवून बघितले तेव्हा म्हणाली, "सारखे निघाले!" पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर जास्त घालून गोड करू नये, हे ठळक लिहायचं. घट्ट गोड पाणी आतड्यात उलट पाणी ओढतं. ऱ्होइओच्या स्लाइडवर लोकांनी तेच नुकतं बघितलेलं असेल.

१७ ऑगस्ट, रविवार

टेबलाची मांडणी पक्की केली. डावीकडून: साध्या पाण्यातली पेशी, साखर, मीठ, ग्लिसरीन, उकळलेली. मग रक्ताच्या रिपोर्टचे आकडे आणि पंप, बिट्टीचं चित्र, पोटॅशियम-सोडियमची दोन चित्रं, बेडकाची अंडी, शेवटी ओआरएस. इन्सुलिनमुळे ग्लुकोजचे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात, हा भाग जड मनाने वगळला. तो घेतला तर मधुमेहावरच चर्चा होईल आणि मूळ मुद्दा मागे पडेल.

मिठाच्या आणि ग्लिसरीनच्या स्लाइडपाशी उत्तर लिहून ठेवायचं नाही. आधी विचारायचं: ह्यातलं लहान कोण, आणि आत कोण गेलं? माणसाने स्वतः बघून बोलल्यावरच पुढचं पोस्टर वाचायला द्यायचं.

ग्लिसरीनची स्लाइड दोन वेळा लावावी लागेल: एक दुपारी, म्हणजे संध्याकाळच्या आरतीनंतर येणाऱ्यांना भरलेल्या पेशी दिसतील, दुसरी आरती सुरू होताना, म्हणजे आक्रसलेल्याही शेजारी दिसतील. मिठाची आणि साखरेची स्लाइड व्हॅसलिन लावूनही दर तासाला नवी करायची. ते काम नववीतल्या मुलाने मागून घेतलं आहे. झाडाला रोज पाणी भाची घालते, कारण कोमेजलेल्या पानाच्या पेशी आधीच सैल असतात आणि त्यांच्यावर काहीच नीट दिसत नाही.